परदेशातून फॉरेक्स कार्डाने स्वस्त विमानाचे तिकीट काढताना

जर्मनीत शिकायला आलेल्या विद्यार्थ्याकडे पहिला महिना-दीड महिना खर्चासाठी बहुधा एकच साधन असते, ते म्हणजे निघण्यापूर्वी भारतातल्या बँकेने दिलेले फॉरेक्स कार्ड, म्हणजे परकीय चलन आगाऊ भरून ठेवलेले प्रीपेड कार्ड. ब्लॉक्ड अकाउंटमधली (व्हिसासाठी आगाऊ पैसे भरलेल्या, पण दरमहा ठरावीकच रक्कम देणाऱ्या खात्यातली) दरमहाची रक्कम इथल्या चालू खात्यात वळती व्हावी लागते, ते खाते उघडायला बऱ्याच बँका राहत्या पत्त्याच्या नोंदणीचा कागद मागतात, आणि नोंदणी कार्यालयाची वेळ मिळता मिळता ऑक्टोबर संपत येतो. नेमक्या याच दिवसांत वसतिगृहातली मंडळी चाळीस युरोत पोर्तो, पन्नास युरोत बुडापेस्ट असे बेत आखू लागतात. आपणही उत्साहाने कार्डाचा क्रमांक घालतो आणि पडद्यावर ‘पेमेंट अयशस्वी’ असे दोन शब्द उमटतात. का अयशस्वी, हे कोणी सांगत नाही.

माझ्या पहिल्या तिकिटाची हकिकत थोडक्यात सांगतो, कारण पुढच्या बहुतेक सूचना तिच्यातूनच आल्या आहेत. जर्मनीतल्या आखेन शहरातल्या माझ्या खोलीत रविवारी रात्री मी एका स्वस्त विमान कंपनीचे तिकीट काढायला बसलो. कार्डात १३० युरो होते आणि पाठीवरच्या पिशवीसह तिकीट ५८.४६ युरोंचे होते. ओटीपी घातला, चक्र बराच वेळ फिरले आणि पेमेंट अयशस्वी झाल्याचे कळले. मी लगेच दुसऱ्यांदा प्रयत्न केला, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी मात्र ‘पुरेशी शिल्लक नाही’ असे उत्तर आले, म्हणून ॲप उघडले तर कार्डात १३.०८ युरो उरलेले. तिकीट एकही नाही आणि ११६.९२ युरो अडकलेले. विमान कंपनी म्हणाली, आम्हाला काही मिळालेले नाही. बँकेच्या हेल्पलाइनवरचे गृहस्थ म्हणाले, सर, आमच्याकडून दोन्ही व्यवहार मंजूर झाले आहेत. गंमत अशी की दोघेही खरे बोलत होते. ती रक्कम नवव्या दिवशी कार्डात परत दिसू लागली, तोवर मी मित्राकडून उसने घेऊन मेन्साची, म्हणजे विद्यापीठाच्या खानावळीची, जेवणे भागवली.

१. हातातले कार्ड कोणत्या जातीचे आहे ते आधी ओळखा

प्रीपेड म्हणून ओळखली जाणारी सगळी कार्डे एकसारखी नसतात. भारतीय बँकेचे फॉरेक्स कार्ड व्हिसा किंवा मास्टरकार्डच्या जाळ्यावर चालते आणि त्यात युरो, पौंड, डॉलर अशी वेगवेगळी चलने वेगवेगळ्या कप्प्यांत भरलेली असतात. या लेखातला बहुतेक मजकूर या कार्डाविषयी आहे.

दुसरी जात रुपयांत भरलेल्या प्रीपेड कार्डांची. बँकेने दिलेल्या आणि पूर्ण केवायसी झालेल्या अशा कार्डावर ग्राहकाने स्वतः मागणी केल्यास परदेशी व्यवहार सुरू करता येतो, पण रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार त्याला एका व्यवहारामागे १०,००० आणि महिन्याला ५०,००० रुपयांची मर्यादा आहे. दोघांचे जाण्यायेण्याचे तिकीट त्या मर्यादेत सहज बसेलच असे नाही.

तिसरी जात इथल्या सुपरमार्केटात गल्ल्याजवळ टांगलेल्या कार्डांची. रोख देऊन घेता येतात म्हणून ती सोयीची वाटतात. मात्र युरोपीय संघाच्या पाचव्या मनी लाँडरिंगविरोधी निर्देशाने, ज्याची अंमलबजावणी सदस्य देशांनी १० जानेवारी २०२० पर्यंत करायची होती, धारकाची ओळख न पटवलेल्या प्रीपेड कार्डावरच्या ५० युरोंपेक्षा मोठ्या ऑनलाइन व्यवहारांची सवलत काढून घेतली. शंभर युरोंचे कार्ड घेऊन सत्तर युरोंचे तिकीट काढायला गेलेल्या माणसाला नकार मिळतो, तो यामुळे. असे कार्ड घेतलेच असेल, तर आधी त्याच्या संकेतस्थळावर जाऊन पासपोर्टने ओळख पटवून घ्या.

२. बुकिंगला बसण्यापूर्वी जवळ असायला हव्यात अशा गोष्टी

यादी मोठी नाही, पण यातली एक जरी गोष्ट त्या क्षणी हाताशी नसली तरी भाडे डोळ्यांसमोर वाढते.

• फॉरेक्स कार्ड आणि त्याच्या ॲपचा चालू पासवर्ड. ॲपमध्ये त्याच दिवशी एकदा लॉगिन करून पाहा.
• बँकेत नोंदवलेला मोबाइल क्रमांक ज्या सिमवर आहे ते सिम, फोनमध्ये घातलेले आणि रोमिंग सुरू असलेले.
• कार्ड घेताना भरलेल्या अर्जाची प्रत किंवा तिचा फोटो, कारण बँकेकडे तुमचे नाव आणि पत्ता नेमका कसा लिहिला आहे ते त्यावरूनच कळते.
• पासपोर्ट.
• बँकेचा परदेशातून लागणारा हेल्पलाइन क्रमांक. कार्डाच्या पाठीवरचा १८०० ने सुरू होणारा क्रमांक परदेशातून सहसा लागत नाही. +९१ ने सुरू होणारा वेगळा क्रमांक असतो, तो भारतात असतानाच लिहून घ्या.

शक्य असल्यास बुकिंग लॅपटॉपवर करा आणि फोन ओटीपीपुरता मोकळा ठेवा. एकाच फोनवर ब्राउझरमधून मेसेजमध्ये आणि मेसेजमधून परत ब्राउझरमध्ये जाताना पेमेंटचे पान नव्याने उघडते आणि सगळा व्यवहार मधेच तुटतो.

३. ऑनलाइन वापर सुरू आहे ना, आणि मर्यादा किती आहे?

कार्ड दुकानात चालते, एटीएममधून नोटा निघतात, मग ऑनलाइन का चालत नाही, असा प्रश्न नव्याने आलेले बरेच जण विचारतात. बऱ्याच फॉरेक्स कार्डांवर एटीएम, दुकानातले यंत्र आणि ऑनलाइन खरेदी यांची बटणे वेगवेगळी असतात आणि ऑनलाइनचे बटण सुरुवातीला बंद असते. ॲपमध्ये कार्डाच्या नियंत्रणांत जाऊन ते सुरू करा आणि तिथेच खाली दिलेली दर व्यवहाराची व दर दिवसाची मर्यादाही पाहा. बटण सुरू आणि मर्यादा शून्य, असा प्रकार मी दोन जणांच्या कार्डांवर पाहिला आहे. बुकिंग झाल्यावर ते बटण पुन्हा बंद करण्याची सवय चांगली, फक्त पुढच्या वेळी ते बंद आहे हे लक्षात राहिले पाहिजे.

४. ओटीपी येणार कुठे?

युरोपीय संघात ऑनलाइन कार्ड पेमेंटसाठी ग्राहकाची दुहेरी ओळख पटवण्याचा नियम १४ सप्टेंबर २०१९ पासून लागू आहे. भारतात दिलेल्या कार्डाला तो नियम तंतोतंत लागू होत नाही, तरी विमान कंपन्यांची संकेतस्थळे बहुधा सगळ्यांनाच त्या पायरीवर पाठवतात, आणि तुमची बँक ओटीपी पाठवते तो अर्ज भरताना दिलेल्या क्रमांकावर. पुष्कळांनी अर्जावर वडिलांचा क्रमांक दिलेला असतो. मग जर्मनीत रात्रीचे दहा वाजलेले असताना सांगलीत दीड किंवा अडीच वाजता वडिलांना उठवून, त्यांनी चष्मा शोधून सहा आकडे वाचून दाखवेपर्यंत ओटीपीची मुदत संपलेली असते.

यावर उपाय निघण्यापूर्वीचाच आहे. स्वतःचा भारतीय क्रमांक नोंदवा, तो किमान रिचार्जवर जिवंत ठेवा, आणि विमानात बसण्यापूर्वी आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू करून घ्या. बँक ईमेलवरही ओटीपी पाठवत असेल, तर तो पर्याय लेखी मागून घ्या; क्रमांक परदेशातून बदलणे बहुतेक बँकांत अर्ज, सही आणि वाट पाहणे असे लांबते. ओटीपी सलग चुकीचा घातल्यास कार्डाचा ऑनलाइन वापर काही काळ बंद होऊ शकतो, त्यामुळे दोनदा चुकल्यावर तिसरा अंदाज बांधू नका.

५. चलनाचा घोळ

कप्प्यात युरो आहेत म्हणून युरोपातले कोणतेही तिकीट युरोतच निघेल, असे नाही. स्वस्त विमान कंपन्या भाडे साधारणपणे प्रवास जिथून सुरू होतो त्या देशाच्या चलनात दाखवतात. कोलोनहून क्राकोला जाताना युरो, पण तिथून परतीचे तिकीट वेगळे काढले की पोलंडचा झ्लॉटी, बुडापेस्टहून निघताना फॉरिंट, लंडनहून पौंड. भारतीय फॉरेक्स कार्डांत झ्लॉटी आणि फॉरिंट यांचा कप्पा सहसा नसतो, त्यामुळे युरोतून रूपांतर होते आणि त्यावर साधारण दोन ते साडेतीन टक्के शुल्क बसते. काही कार्डे असे रूपांतर आपोआप करतात, तर काही कार्डे सरळ नकार देतात. म्हणून जाणे आणि येणे एकाच बुकिंगमध्ये, युरो वापरणाऱ्या देशातून सुरू होणारे असे काढले, तर संपूर्ण रक्कम बहुधा युरोतच आकारली जाते. क्रोएशियाने १ जानेवारी २०२३ पासून आणि बल्गेरियाने १ जानेवारी २०२६ पासून युरो स्वीकारला असल्याने झाग्रेब आणि सोफिया या शहरांच्या बाबतीत आता हा त्रास उरलेला नाही.

दुसरा सापळा याहून बेमालूम असतो. कार्ड क्रमांकाच्या पहिल्या सहा किंवा आठ आकड्यांवरून कार्ड कोणत्या देशातल्या बँकेने दिले ते संकेतस्थळाला कळते. कार्ड भारतीय आहे, म्हणजे याला रुपये सोयीचे, असा हिशेब करून ते रक्कम रुपयांत दाखवते आणि ‘तुमच्या चलनात भरा’ या पर्यायावर स्वतःच खूण करून ठेवते. आपल्यालाही रुपये दिसले की बरे वाटते. परंतु फॉरेक्स कार्डात रुपयांचा कप्पाच नसतो. असा व्यवहार बहुधा नाकारला जातो, आणि चुकून गेलाच तर कंपनीच्या दराने युरोचे रुपये आणि बँकेच्या दराने रुपयांचे पुन्हा युरो, असे दुहेरी नुकसान होते. तो पर्याय शोधा, त्यावरची खूण काढा आणि मूळ चलनात पैसे भरा. कधी तो ‘अधिक माहिती’च्या दुव्याआड दडवलेला असतो, पैसे भरण्याचे बटण दाबण्यापूर्वी शेवटच्या रकमेपुढे कोणत्या चलनाचे चिन्ह आहे ते पाहण्याची सवय ठेवा.

कार्डात भर घालायची असेल तर शुक्रवारी दुपारपूर्वी घाला. बऱ्याच बँकांत फॉरेक्स भरण्याचे काम कामाच्या दिवशीच होते आणि भारतातला शुक्रवार आपल्या घड्याळाआधी संपतो. तिकिटाच्या किमतीपेक्षा दहा टक्के तरी जास्त रक्कम कप्प्यात असू द्या.

६. नाव आणि पत्ता

बँकेच्या शाखेत त्याच दिवशी हातात पडलेल्या कार्डावर पुष्कळदा नाव छापलेले नसते. कार्डधारकाच्या रकान्यात काय लिहावे असा प्रश्न पडतो. तिथे बँकेच्या अर्जावर आहे तसे, म्हणजे बहुधा पासपोर्टप्रमाणे नाव लिहा. प्रवाशाचे नाव आणि कार्डधारकाचे नाव वेगळे असले तरी सहसा अडत नाही, परंतु काही कंपन्या विमानतळावर पेमेंटचे कार्ड पाहायला मागतात, हे दुसऱ्याच्या कार्डाने तिकीट काढताना लक्षात ठेवावे.

माझ्या रविवारच्या फजितीचे मूळ पत्त्यात होते. मी राहतो आखेनला, म्हणून बिलाच्या पत्त्यात आखेनच लिहिले, आणि त्यात मला काही चुकल्यासारखे वाटले नाही. बँकेकडे मात्र माझा पत्ता भारतातल्या घराचा होता. बँकेने रक्कम आणि ओटीपी पाहून मंजुरी दिली. त्यानंतर विमान कंपनीच्या फसवणूक-तपासणीत कार्डाचा देश एक आणि पत्त्याचा देश दुसरा दिसल्याने तिने बुकिंग नाकारले. बिलाच्या पत्त्यात कार्डाच्या अर्जावरचाच पत्ता लिहायचा असतो, देश भारत आणि पिनकोड सहा आकडी. पोस्टल कोडचा रकाना पाचच आकडे घेत असेल, तर आधी देशाच्या यादीत भारत निवडा, मग तो सहा आकडे घेतो. व्हीपीएन चालू असेल तर बंद करा. कार्ड भारताचे, प्रवासी जर्मनीतला आणि संगणक तिसऱ्याच देशात, असे चित्र कोणत्याही तपासणीला संशयास्पदच वाटणार.

७. अयशस्वी झाल्यावर दुसऱ्यांदा बटण दाबू नका

क्रेडिट कार्डाची मर्यादा मोठी असते, त्यामुळे शंभर युरो आठवडाभर अडकून पडले तरी धारकाला पत्ता लागत नाही. प्रीपेड कार्डात मात्र भरलेल्या पैशांपलीकडे काहीच नसते, म्हणून प्रत्येक फसलेला प्रयत्न थेट शिल्लकेतून जातो. पेमेंट फसले की सर्वांत आधी कार्डाचे ॲप उघडून शिल्लक आणि व्यवहारांची यादी पाहा. तिथे तीनपैकी एक चित्र दिसेल.

पहिले, यादीत नोंदच नाही. याचा अर्थ मागणी बँकेपर्यंत मंजुरीसाठी पोहोचलीच नाही. ओटीपीची पायरी तुटली, क्रमांक चुकला किंवा पान तुटले. माहिती तपासून पुन्हा प्रयत्न करायला हरकत नाही.

दुसरे, नाकारल्याची नोंद आहे आणि शिल्लक जशीच्या तशी आहे. नकार बँकेचा आहे. हेल्पलाइनला फोन करून ‘पेमेंट का झाले नाही’ असे मोघम विचारण्याऐवजी नकाराचा कोड विचारा, म्हणजे समोरच्यालाही ठरावीक उत्तरे वाचून दाखवता येत नाहीत. ५१ म्हणजे शिल्लक अपुरी, ५४ म्हणजे कार्डाची मुदत संपलेली किंवा तारीख चुकीची, ५७ म्हणजे या कार्डाला अशा व्यवहाराची परवानगी नाही, ६१ म्हणजे रकमेची मर्यादा ओलांडली. ५७ आणि ६१ बहुधा तिसऱ्या मुद्द्यातल्या बटणांनी सुटतात. ०५ हा कोड सर्वांत त्रासदायक, कारण त्याचा अर्थ ‘मान्य करू नये’ इतकाच असतो आणि खरे कारण बँकेच्या जोखीम विभागालाच ठाऊक असते. त्यांना व्यवहार आपणच करत असल्याचे सांगून अडसर काढायला लावा.

तिसरे, नोंद मंजूर किंवा प्रलंबित आहे आणि शिल्लक कमी झाली आहे. बँकेने होकार दिला, पण विमान कंपनीने बुकिंग पुरे केले नाही. इथे पुन्हा बटण दाबणे म्हणजे तेवढीच रक्कम आणखी एकदा अडकवणे. आधी ईमेल आणि त्यातला स्पॅमचा कप्पा पाहा, कारण क्वचित पान तुटते पण तिकीट निघालेले असते. बुकिंग क्रमांक कुठेच नसेल, तर विमान कंपनीच्या चॅटवर कार्डाचे शेवटचे चार आकडे, रक्कम, तारीख आणि वेळ देऊन बुकिंग झालेले नाही हे लेखी घ्या. ते उत्तर आणि ॲपमधल्या नोंदीचा स्क्रीनशॉट जोडून बँकेला अडकलेली रक्कम मोकळी करण्याची ईमेल करा. ही रक्कम खर्च झालेली नसते, फक्त राखून ठेवलेली असते. कंपनीने तिची वसुली मागितली नाही तर काही दिवसांनी ती आपोआप सुटते, पण कागद हातात असला की बँकेला ते लवकर करता येते. तोवर तिकीट हवेच असेल, तर दुसरे कार्ड किंवा मित्राचे खाते वापरा.

एजंटांच्या संकेतस्थळांबद्दल दोन शब्द. तिथे भाडे चार युरोंनी कमी दिसते, पण पैसे एजंट घेतो आणि विमान कंपनीला तो स्वतःच्या कार्डाने देतो. काही बिघडले की बोलायला आणखी एक माणूस मधे येतो. प्रीपेड कार्ड असलेल्याने विमान कंपनीकडूनच थेट तिकीट काढावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

८. परतावा त्याच कार्डावर येतो, म्हणून कार्ड सांभाळा

उड्डाण विमान कंपनीनेच रद्द केले, तर युरोपीय संघाच्या २००४ च्या २६१ क्रमांकाच्या नियमानुसार भाड्याची रक्कम सात दिवसांत परत मिळण्याचा तुम्हाला हक्क आहे, आणि पैशांऐवजी व्हाउचर द्यायचे असल्यास त्यासाठी तुमची सही असलेली संमती लागते. संकेतस्थळावर व्हाउचरचे बटण मोठे आणि परताव्याचे लहान असते, ते घाईत दाबू नका.

परतावा ज्या कार्डाने पैसे भरले त्याच क्रमांकावर जातो. इथले खाते उघडल्यावर फॉरेक्स कार्ड ड्रॉवरमध्ये टाकून विसरणे, किंवा भारतात परतल्यावर लगेच बंद करून उरलेली रक्कम रुपयांत करून घेणे, या दोन्ही सवयी परतावा यायचा असताना महाग पडतात. भारतात परतल्यावर २,००० डॉलरपर्यंतचे परकीय चलन जवळ ठेवता येते आणि त्यावरचे १८० दिवसांत बँकेला परत करायचे असते, त्यामुळे विद्यार्थ्याच्या कार्डातल्या उरल्यासुरल्या शिल्लकेसाठी घाई करण्याचे कारण नसते. कार्ड हरवून नवे मिळाले असेल किंवा त्याची मुदत परतावा येण्याआधीच संपणार असेल, तर जुन्या क्रमांकावर आलेली रक्कम नव्या कार्डावर वळवली जाईल की बचत खात्यात, हे बँकेला ईमेलने विचारा आणि आलेले उत्तर बुकिंगच्या ईमेलसोबत एकाच फोल्डरमध्ये ठेवून द्या.